फणीचे दात

माझी पंधरा वर्षांची भाची सानिका दुपारी अभ्यासाला बसली होती. एकाएकी तिने फणी उचलली, कोपराच्या आतल्या घडीत दात रुतवले आणि खसाखसा ओढू लागली. तिला लहानपणापासून इसब आहे. कातडी फाटली, रक्त वहीवर ठिबकलं, तरी हात थांबेना. वैऱ्यालाही कुणी इतकं ओरबाडत नसेल. मी फणी हिसकावायला गेले, तर तिने माझ्याच मनगटात नखं रोवली.

"डॉक्टरांनी दिलेलं मलम लावत नाहीस का?"

"आई लावू देत नाही. स्टेरॉइड आहे म्हणे."

ही भीती अगदी खोटी नाही. आमच्या शेजारणीने असलंच मलम कुणालाही न विचारता गोरं व्हायला म्हणून वर्षभर तोंडाला चोपडलं. आता तिचे गाल भाजल्यासारखे लाल असतात आणि ऊन लागलं की पेटतात. पण डॉक्टरांनी नेमून दिलेलं, इसबाच्या जागेवरच पातळसं लावायचं आणि सांगितले तेवढेच दिवस वापरायचं मलम आपण कपाटात कोंडून ठेवतो. पोरीची नखं मात्र दिवसभर मोकाट असतात. त्यांच्या दुष्परिणामांची कुणी चौकशी करत नाही.

आवाज ऐकून ताई आतून आली. "अगं, त्या मलमाने कातडी पातळ होते," ती म्हणाली.

मी सानिकाचा रक्ताळलेला हात तिच्यापुढे धरला. "यात पातळ व्हायला काय उरलंय, ताई?"