डिग्रीतली एक काच

आमचे व्हॅनवाले आप्पा गाडीतून उतरले की आधी शर्टाचा खिसा चाचपायचे, मग पॅन्टचा, मग काचेला नाक लावून आत बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "राही गई मझार." म्हणजे आतच राहिली. काय राहिली, हे लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत कोणी विचारत नसे. चावीच.

आप्पा शिरपूरकडचे. तरुणपणी सुरतेत आले आणि लूमवर लागले. कारखान्याच्या खडखडाटात ऐकू येणं कमी झालं, तेव्हा त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि आम्हा मुलांना मराठी शाळेत नेऊ-आणू लागले. विसरण्याचं कारणही ते लूमवरूनच द्यायचे. "आठ मशीन सांभाळायचो मी. जिथं धागा तुटला तिथं पळायचं. आता चावी कधी तुटते का? म्हणून तिच्याकडं ध्यानच जात नाही."

फक्त चावीच विसरत असं नाही. एकदा त्यांनी स्वतःचा डबा टपावर ठेवला आणि गाडी काढली. रस्त्यावरची माणसं हात करू लागली, रिक्षावाले हॉर्न वाजवू लागले. इतके लोक आपल्याला ओळखतात म्हणून आप्पाही खुशीत सगळ्यांना हात करत राहिले. आम्हाला म्हणाले, "बघा, किती वळख शे मनी!" डबा पुढच्या गतिरोधकाला खाली आला. आणखी एकदा ते शाळेपासून घरापर्यंत चालत आले आणि गाडी चोरीला गेली म्हणून गल्ली गोळा केली. शेवटी माझ्या आईने विचारलं, "आप्पा, सकाळी गेले कशात होते? आले कशात?" आप्पा आपल्या पायांकडे बघत शाळेकडे परत निघाले.

पण मुलांच्या बाबतीत त्यांची चूक कधी झाली नाही. चढताना डोक्यावर हात ठेवून मोजायचे, उतरताना पुन्हा मोजायचे. एकदा बाराच्या जागी तेरा भरले. शेजारच्या गल्लीतला एक चार वर्षांचा गृहस्थ हौसेने येऊन बसला होता. आप्पांनी गाडी वळवली, त्याला त्याच्या आईच्या हातात दिलं आणि आम्हा सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजलं. शाळेला उशीर झाला, तर मास्तरांना सांगितलं, "उशीर चालतो साहेब, हिशोब चुकलेला नाही चालत."

चावीवर त्यांनी एक उपाय काढला होता. डझनभर डुप्लिकेट चाव्या करून लिंबायतपासून डिंडोलीपर्यंत ज्या ज्या घरातलं मूल गाडीत होतं, त्या प्रत्येक घरात एक देऊन ठेवली. गाडी अडेल तिथून जवळचं घर गाठायचं. आमच्या घरची चावी आईने देव्हाऱ्यात ठेवली, कारण त्या एका खोलीत न हरवणारी जागा तेवढीच होती. दर शुक्रवारी कुलदेवीच्या टाकाबरोबर त्या चावीलाही हळदकुंकू लागायचं. मी दहावीत जाईपर्यंत ती चावी इतकी लाल झाली होती, की नवा पाहुणा तिलाही नमस्कार करायचा.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचं केंद्र कामरेजकडे आलं. बाबांची दिवसपाळी होती आणि आईला त्या बाजूचा रस्ता माहीत नव्हता. मला शाळा सोडून पाच वर्षं झाली होती, तरी आप्पा म्हणाले, "मी नेईन. पहिलीत मीच बसवली होती, आता शेवटालाही मीच पोचवीन." निघताना आईने माझ्या हातावर दही-साखर ठेवली, ओढणीच्या टोकाला लाल कापडाची पुरचुंडी बांधली आणि बजावलं, "देवातलं आहे. पेपर संपेपर्यंत सोडू नको." हाताला काहीतरी कठीण लागलं. टाकच दिला असणार, असं मला वाटलं.

कामरेजच्या अलीकडे रस्त्याला लागून मारुतीचं देऊळ आहे. आप्पांनी गाडी उभी केली. "चल माय, हात जोडून घे."

मी दप्तर उचललं, तर म्हणाले, "पाठीवर ओझं घेऊन कोणी नमस्कार करतं का? ठेव. चपलाही ठेव."

एरवी गाडी लॉक करताना आप्पा काचा, दारं कधी तपासत नसत. पण त्या दिवशी आत माझं हॉल तिकीट होतं. त्यांनी सगळ्या काचा वर केल्या, सगळी दारं तपासली, खटका दाबून आपलं दार धाडकन लावलं आणि अभिमानाने म्हणाले, "आज रिस्क नाही."

दर्शन घेऊन आलो. आप्पांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पॅन्टचा. मग काचेला नाक लावलं.

चावी आत लटकत होती आणि तिच्या मागच्या सीटवर माझं दप्तर. पेपरला पाऊण तास होता. आमच्या हिशोबाने बारा चाव्या बारा घरांत सुखरूप होत्या आणि ती सगळी घरं मागे सुरतेत राहिली होती. आम्ही दोघे अनवाणी डांबरावर उभे. नारळवाला तार घेऊन आला. एक स्कूटरवाला थांबून म्हणाला, "काका, पहेला रबर काढो." दुसऱ्याने फूटपट्टी आहे का विचारलं. ती दप्तरात होती. मी ओढणीची पुरचुंडी दोन्ही हातांत घट्ट धरून देवीला म्हणत होते, काहीतरी कर.

वीस मिनिटं गेली. मग आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, देवळामागून एक दगड आणला, गाडीला हात लावून नमस्कार केला आणि काच फोडली. या गाडीला कोणी नखाने ओरखडा काढला तरी दोन दिवस न बोलणारा माणूस. पुढचा सगळा रस्ता वारा आमच्या तोंडावर येत होता आणि आप्पा ओरडून सांगत होते, "तू वाच! तू फक्त वाच!" पाच मिनिटं शिल्लक असताना त्यांनी मला दारात उतरवलं.

पेपर चांगला गेला. बाहेर येऊन मी पुरचुंडी सोडली. आत हळदकुंकवाने माखलेली आप्पांच्या गाडीची चावी होती.

घरी आल्यावर आईला विचारलं, "ही आशीर्वाद म्हणून दिली, की आप्पांची गाडी आहे म्हणून?"

"दोन्ही म्हणून," आई म्हणाली.

"मग सोडू नको कशाला सांगितलंस?"

"ते देवाचं म्हणून. आणि घेऊन जाणारा माणूस विसरभोळा आहे हे तुला माहीत नव्हतं का?"

आप्पांना हे सांगायचं ठरवलं होतं. पण निकाल लागला आणि पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते दारातल्या माणसांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "हाई पोरनी डिग्रीमा मनी एक काच शे." नंतर भाजीवाल्याला सांगितलं, आरटीओच्या शिपायाला सांगितलं, गल्लीतल्या एका लग्नात नवरदेवालाही सांगितलं. मी चावी परत देव्हाऱ्यात ठेवली.

गेल्या वर्षी व्हॅन भंगारात निघाली आणि आप्पांनी गावी परतायचं ठरवलं. जायच्या आधी घरोघरी फिरून त्यांनी आपल्या चाव्या परत मागितल्या. आमच्याकडे आले, तेव्हा हातात अकरा चाव्यांचा जुडगा होता. चहा घेता घेता मला राहवेना. मी देव्हाऱ्यातली चावी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. कामरेजला ही माझ्या ओढणीत होती. काच फोडायची गरजच नव्हती.

आप्पांनी कप खाली ठेवला. ती लाल चावी उलटसुलट करून पाहिली. मग एवढ्या मोठ्याने हसले, की आई स्वयंपाक सोडून उठून आली.

"माय, हाई तू माले आज सांगं?" डोळे पुसत ते उठले. "जाय, मी इसरी बी गऊ."

आणि खरोखरच विसरले. जिना उतरता उतरता ते खालच्या नव्या भाडेकरूला सांगत होते आणि मला वर स्पष्ट ऐकू येत होतं, "वर ती पोरगी राहते ना, तिच्या डिग्रीत माझी एक काच आहे."

खाटेवर बाराही चाव्या तशाच पडल्या होत्या. आई म्हणाली, "अगं, हाक मार त्यांना."

मी गॅलरीत गेले आणि हाक न मारता ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत राहिले.