परिशिष्ट ब: हल्ल्यांचा तपशील

मी एका देशाच्या राजधानीवर तीनदा हल्ला केला आणि नंतर त्याच देशाकडे व्हिसा मागितला. देशाचं नाव सांगत नाही. काम झालंय, पण उगाच कशाला.

हल्ले अर्थात फोनवर केले. निवृत्त झाल्यावर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये दुपारी बायको झोपायची आणि मला झोप यायची नाही. म्हणून एक खेळ उतरवून घेतला. त्यात आपल्याला एक चिमुकलं राज्य मिळतं. शेती करायची, कारखाने काढायचे, शेजाऱ्याशी तह करायचा आणि तो सोयीने मोडायचा. नकाशा खऱ्या जगाचा असतो, त्यामुळे मजा येते. त्या बलाढ्य देशाची राजधानी एकदा तर मी चहा उकळेपर्यंत घेतली होती.

उरलेल्या वेळात बातम्यांखाली अभिप्राय लिहायचो. जगातल्या बहुतेक राष्ट्रप्रमुखांना मी वेळोवेळी मार्गदर्शन केलं आहे. त्या देशाच्या प्रमुखांना लिहिलं होतं, ‘आमच्या सोसायटीचा टँकरवालासुद्धा तुमच्यापेक्षा शब्दाला जागतो.’ त्याला दोन अंगठे आले. एक माझा. दुसरा बायकोच्या फोनवरून, तोही मीच दिलेला.

आमची एकुलती मुलगी त्याच देशात असते. तिला सातवा महिना लागला होता, पहिलंच बाळंतपण. आम्ही दोघांनी एकत्र अर्ज करायला घेतला. त्यात एक प्रश्न होता: गेल्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर वापरलेली सर्व नावं लिहा.

शहाण्या माणसाने नाव लिहिलं असतं आणि पुढच्या रकान्यात गेला असता. पण माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. तिथे एकच धडा शिकलो. विचारलं त्यापेक्षा कमी लिहिलं की फाइल परत येते. त्यामुळे अर्ज भरून झाल्यावर मी स्वतंत्र खुलासा तयार केला. इंग्रजीत, दोन पानी. परिशिष्ट अ, अभिप्रायांची यादी. परिशिष्ट ब, हल्ल्यांचा तपशील: तारीख, कारण, परिणाम. तिसऱ्या हल्ल्याचं कारण मी ‘दुपारी झोप न येणे’ असं दिलं होतं, कारण तेच खरं होतं. शेवटी, सदर कृत्ये केवळ मनोरंजनार्थ केली असून त्यांची पुनरावृत्ती होणार नाही, अशी हमी. अर्जाच्या पावतीच्या तळाशी एक ईमेल पत्ता दिसला, त्यावर पाठवून दिलं.

मग समाधानाने बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

“हे पाठवलंत?”

“हो. आपल्याकडून लपवाछपवी नको.”

तिने हातातली जुडी खाली ठेवली. “अहो, चोरसुद्धा पोलीस येईपर्यंत थांबतो.”

तेवढ्यात उत्तर आलं. आपला संदेश मिळाला असून तो योग्य विभागाकडे जाईल. विभाग कोणता, ते लिहिलं नव्हतं. मला एकदम लष्करी टोप्या घातलेली माणसं एका लांब टेबलाभोवती बसून माझं परिशिष्ट ब वाचताना दिसायला लागली. त्यात दोघांचे अर्ज एकाच क्रमांकाखाली होते. माझा अडकला की तिचाही अडकणार. म्हणजे युद्ध मी केलं आणि बाळंतपणात आईवाचून राहणार मुलगी. ही गोष्ट तोवर माझ्या डोक्यात आलीच नव्हती. त्यानंतर ती जाईना.

दोन इमारती सोडून माझे जुने साहेब राहतात. आयुष्यभर माझे मसुदे त्यांनी लाल शाईने सुधारले. धीर मिळेल म्हणून मी खुलासा त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली.

“जावक क्रमांक कुठाय?”

“साहेब, ते जाऊ द्या. आता काय करू? माफीचं पत्र पाठवू का?”

“अजिबात नाही.” साहेबांनी चष्मा काढला. “झोपलेली फाइल आहे, तिला झोपू द्या. दुसरा कागद गेला की पहिला कोणीतरी वाचतं.”

इतका मोलाचा सल्ला मला नोकरीतही मिळाला नव्हता. मी तो आठ दिवस पाळला.

नवव्या दिवशी बोटांचे ठसे द्यायला आणि कागद जमा करायला व्हिसा केंद्रात जायचं होतं. काचेची इमारत, गार हवा, आणि काउंटरला आमच्या मुलीपेक्षाही लहान एक मुलगी. तिने सगळं भराभर तपासलं. मला राहवेना. मी पावतीवरच्या ईमेल पत्त्यावर बोट ठेवून हळूच म्हणालो, “मी या पत्त्यावर एक मेल पाठवला होता.”

तिने पत्ता पाहिला. “काका, हा अपॉइंटमेंट बदलायचा पत्ता आहे. इथे माणूस वाचत नाही, मशीन उत्तर देतं.”

इथे गप्प बसायचं होतं. पण माझ्या पिशवीत खुलाशाची छापील प्रत होती, शिवाय तिची झेरॉक्स. आता तो कोणीच वाचलेला नाही म्हटल्यावर अर्ज अपुरा राहिल्यासारखं वाटायला लागलं.

“मग ही प्रत इथे जोडून घेता का?”

बायकोने डोळे मिटले. काउंटरवरच्या मुलीने कागद घेतला आणि वाचायला लागली. परिशिष्ट ब ला जरा जास्त वेळ लागला.

“काका,” ती म्हणाली, “या गेममधले हल्ले लिहायला लागलो तर आमचं अर्धं ऑफिस आत जाईल.” मग कागदाची घडी घालून तिने तो खिडकीतून परत सरकवला, तोही माझ्याकडे नाही, बायकोकडे. “याच्याऐवजी पेन्शनचा कागद द्या. तो राहिलाय.”

बायकोने घडी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. रिक्षात ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली, पण विश्रांतवाडीचा चौक आला तेव्हा रस्त्याकडे तोंड करून हसत होती.

तरी निकाल येईपर्यंत मी खेळ उघडला नाही, कुठे अभिप्रायही दिला नाही. जगाचं काही अडलं नाही. दोन आठवड्यांनी पाकीट आलं. मला धीर होईना, म्हणून बायकोने फोडलं. आधी तिचा पासपोर्ट उघडला, मग माझा. “दोन्ही,” एवढंच म्हणाली. मी जिन्याच्या पायरीवरच बसलो. कुरिअरवाल्याने विचारलं, “आजोबा, पाणी आणू का?” एरवी त्या ‘आजोबा’वरून मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

लगेच मुलीला फोन लावला. बातमी ऐकून ती म्हणाली, “शेजारच्या बाईंना विचारून ठेवलं होतं मी, ऐन वेळी दवाखान्यात सोबत याल का म्हणून. ह्यांची तेव्हा नेमकी फिरती निघाली तर. आता त्यांना सांगते, नको.”

हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. इतके दिवस फोनवर नुसतं “मजेत आहे” चाललं होतं.

बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि माळ्यावरच्या बॅगा काढायला स्टूल शोधू लागली. तिच्या गुडघ्यांना चढणं जमत नाही, म्हणून मी चढलो. ती खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहिली, मोठी बॅग माझ्या हातातून निसटून जमिनीवर पडली आणि फोनवर मुलगी विचारत होती, बाबा, धपकन कसला आवाज आला.