एका ठिपक्यात दोन सिंह

बोलता बोलता उजवा तळहात वर करून समोरच्याला थांबवायची आक्कांना सवय होती. "थांब. आधी बघू, मग घाबरू," असं म्हणून त्या लॅपटॉपकडे वळायच्या. नळाचं पाणी गेलं तरी हेच आणि समुद्रापलीकडचा सिंह हरवला तरी हेच.

तुम्ही म्हणाल, बेळगावात सिंह कुठले? मीही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. पूर्व आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात आक्कांनी बरीच वर्षं जीपमधून सिंहांचे कळप पाहण्यात घालवली होती. आई अंथरुणाला खिळल्यावर त्या परत आल्या, टिळकवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि काम इथूनच चालू ठेवलं. तिकडच्या काही सिंहांच्या गळ्यात पट्टे होते. पट्टा उपग्रहाला कळवायचा, उपग्रह आक्कांच्या लॅपटॉपला. नकाशावर लाल ठिपका उमटायचा. सिंह चालला की ठिपका सरकायचा.

मी जवळच्याच कंग्राळी गावची. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, पण बेडूक आणि झुरळं सोडून फारसं काही पाहिलं नव्हतं. आक्कांनी मला कामावर ठेवलं, नकाशा वाचायला शिकवलं, माझं इंग्रजी न हसता दुरुस्त केलं. मॅडम म्हटलेलं मात्र खपायचं नाही. "मॅडम कॉलेजात. हितं आक्का म्हण."

त्यांच्या आईंनी उभा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत काढला होता. आतल्या खोलीतून रोज सकाळी त्यांचा आवाज यायचा, "काय गं, तुझी जनावरं जेवली का?"

"व्हय आई. काल रानरेडा खाल्ला."

"मग निजू देत त्यास्नी. तू बी खा काय तरी. वाळलीस लई."

त्या वर्षी आमचा जीव दोन भावांत अडकला होता. सिंहाचा नर वयात येऊ लागला की कळपात त्याला जागा राहत नाही. मोठे नर हाकलून लावतात. मग अशी पोरं वर्षं-दोन वर्षं बिनघरची भटकतात. मिळेल ते खातात, दिसेल त्याला भितात. आमचे हे दोघे असेच निघालेले. पट्टा थोरल्याच्या गळ्यात होता. धाकट्याला नव्हता, पण तो थोरल्याला सोडतच नसे. त्यामुळे नकाशावर ठिपका एक असला तरी आम्ही "ते निघाले, ते थांबले" असंच बोलायचो.

एका संध्याकाळी तो ठिपका अभयारण्याची हद्द ओलांडून गुराख्यांच्या वस्तीकडे निघाला. काटेरी कुंपणाच्या आत गुरं आणि त्यांना लागून झोपड्या, अशी ती वस्ती. तिथला एक बैल या भावांनी आधीच मारला होता.

तिकडच्या कार्यालयातून आक्कांच्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याचं म्हणणं असं, की वस्तीला कळवू नका. सिंह कुठे आहेत हे समजलं तर माणसं भाले घेऊन बाहेर पडतील आणि दोघेही मरतील. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"आक्का, नका सांगू," मी म्हटलं. "कदाचित तसंच पुढं जातील ते."

"आणि न्हाय गेले तर? पोरंबाळं गुरांच्या कडंला निजत्यात तिथं."

"पण ते लोक मारतील की त्यांना!"

"मारतील. व्हय, मारतील बी." त्यांनी फोन पुन्हा हातात घेतला. "पण जनावर त्यांच्या दारात चाललंय गं. मला दिसतंय, त्यास्नी दिसत न्हाय. दिसत असून गप बसू?"

त्यांनी वस्तीतल्या ओळखीच्या एका गुराख्याला फोन लावला. त्याच्या भाषेत त्या बोलत होत्या, मला शब्दही कळत नव्हता. पण विनवणी कुठल्याही भाषेत कळते.

"काय म्हणाला?"

"मागावर जाणार न्हाय म्हणाला. पण सिंह कुंपणाच्या आत आला, तर शब्द देत न्हाय."

सकाळी मी लवकर पोचले. आपल्याकडे पहिला चहा होतो तेव्हा तिकडे अजून अंधार असतो. ठिपका वस्तीला चिकटून होता. आक्कांच्या कपातल्या चहावर साय धरली होती. आतून आईंनी जनावरांची चौकशी केली. आक्कांनी फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला.

मग ठिपका हलला. वस्ती सोडून लांब, कोरड्या नदीच्या पात्रात.

मी टाळी वाजवली. "आक्का, वाचले!"

आक्का पांढऱ्या पडल्या होत्या. "ठिपका वाचला," त्या म्हणाल्या. "ठिपका एकाचाच हाय."

तेवढ्यात वस्तीतून त्या गुराख्याचा फोन आला. आक्कांनी आधी काहीतरी विचारलं, उत्तर ऐकून डोळे मिटले आणि मला सांगितलं, "माणसं बरी हाईत." मग पुढचं ऐकलं. आक्कांचा फोन आल्यावर वस्तीने लेकरं झोपड्यांत घेतली होती, पुरुष जागे राहिले होते. धाकटा कुंपणावरून आत उतरला, जिथे एरवी पोरं निजतात नेमका तिथे. भाल्यांनी तो तिथेच पडला. गुराखी आक्कांचे आभार मानत होता. आक्का ते आभार मान खाली घालून ऐकत होत्या.

"काय झालं गं?" आतून आईंनी विचारलं.

"एक गेला, आई."

"कुणाचा?"

आक्कांनी तोंडाला पदर लावला. एवढ्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

थोरला त्या भागातून जाईना. त्याचा ठिपका नदीच्या पात्रातून वस्तीजवळ यायचा, परत फिरायचा, पुन्हा यायचा. मला वाटलं, भुकेला असेल. "भावाला हुडकाय लागलाय," आक्का एवढंच म्हणाल्या. सहकारी त्यांच्याशी तुटक बोलू लागला. तरी थोरला कुंपणाजवळ सरकला की आक्का वस्तीला फोन करायच्याच. त्या दिवसांत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

शेवटी तो एकटाच आत अभयारण्याकडे वळला.

पुढे आई गेल्या आणि आक्का आफ्रिकेला निघून गेल्या. टिळकवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये आता एक वकील राहतात. ठिपके मी कंग्राळीतून पाहते आणि वस्त्यांना फोनही मीच करते.

मध्यंतरी आक्कांनी एक आवाज पाठवला. सोबत शब्द नव्हते. थोरल्याची गर्जना होती. आमच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरावीत अशी. ती हळूहळू विरली. मला वाटलं, संपलं. पण आक्कांनी रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. गवतातून वारा जात होता. जवळच कोणीतरी श्वास रोखून बसलं होतं. थोरला पलीकडून धाकट्याच्या आवाजाची वाट बघत होता, आणि आक्का त्याच्याबरोबर.