इंजिनाचं नाक दाबणारी माणसं

कसारा घाटात एक ट्रक बंद पडला की मागे वीस गाड्या उभ्या राहतात. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. जुन्या वर्कशॉपमधली दोन माणसं भेटली आणि एकाने नुसतं "ते आठवतं का रे?" म्हटलं, की मागे रांग लागलीच समजा. चहा गार होतो, घरून दोनदा फोन येऊन जातो, आणि आम्ही अजून पहिल्याच वळणावर!

वर्कशॉप नाशिकला, सातपूरमध्ये होतं. बसच्या बॉडी बांधायचो आम्ही. मी तिथे फिटर म्हणून लागलो तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं तिथेच काढली. लग्नाच्या बस, शाळेच्या बस हे रोजचं काम. पण मध्येच एखादा हौशी माणूस यायचा आणि म्हणायचा, "मला घरगाडी करून द्या." म्हणजे डिझेल बसच्या सांगाड्यावर अख्खं घर! पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, अगदी संडाससुद्धा.

आता एवढं घर घाटातून वर चढवणं ही इंजिनाची डोकेदुखी. खाली उतरवणं ही मात्र सगळ्यांची. सारखा पायाने ब्रेक दाबून उतरलं तर लायनर तापतात, जळका वास येतो, आणि थोड्या वेळाने ब्रेक फक्त नावाला उरतो. म्हणून आम्ही प्रत्येक घरगाडीला एक्झॉस्ट ब्रेक बसवायचो. बसवणारे आमचे मुख्य मेकॅनिक रफिकभाई. तो बसवल्यावर घाटात नेऊन बघणारे ड्रायव्हर गावितकाका. काका पेठकडच्या डोंगरातले. सपाट रस्त्यावर त्यांना झोप यायची!

०

पहिली घरगाडी भालेराव सरांची. सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. मुलं आपापल्या संसाराला लागली होती. सरांना आणि त्यांच्या पत्नीला, सुमनताईंना, भारत बघायचा होता, आणि तोही स्वतःच्या अंथरुणावर झोपून.

सर रोज वर्कशॉपला यायचे आणि प्रत्येक नटबोल्टाला प्रश्न विचारायचे. एक दिवस रफिकभाईंना म्हणाले, "या एक्झॉस्ट ब्रेकमागचं तत्त्व काय?"

रफिकभाई गाडीखालून बाहेर आले. "सर, धूर बाहेर जातो ना, त्या पाइपात मी झडप बसवलीय. घाटात बटन दाबलं की झडप बंद. म्हणजे इंजिनाचं नाक दाबलं! आता श्वासच सोडता येईना, तर ते पळेल कसं? और गाडी गिअरमध्ये आहे, म्हणजे चाकं इंजिनाला बांधलेली. ते थकलं की चाकंपण थकतात."

सर म्हणाले, "छे छे, असं नाही." त्यांनी खडू घेतला आणि समोरच्या पत्र्यावर दहा मिनिटं दाब, आकारमान, पिस्टन असं सगळं काढून दाखवलं. आम्ही कामं सोडून ऐकत उभे. पत्रा भरला.

रफिकभाईंनी तो नीट वाचला आणि अदबीने विचारलं, "सर, म्हणजे नाकच ना?"

सरांनी पत्र्याकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "नाकच!"

०

त्याच गाडीची ट्रायल कसारा घाटात. गावितकाका स्टिअरिंगवर, शेजारी सर, मागे मी. काकांनी आधीच सांगून ठेवलं, "सर, मी ब्रेकला पाय नाय लावणार. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरात उतरायचं, न् वरून हे बटन. बस."

उतार सुरू झाला. गाडी आपली घुर्र घुर्र करत शहाण्या म्हशीसारखी चाललेली. काकांचा पाय खरोखर बाजूला, निवांत. सर मात्र डोळे वटारून पुढे बघत होते. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर जोरात दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं. तरी सर आपले दाबतायत! पायथा येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम.

खाली गाडी थांबली. काका उतरले, चाकाला हात लावून आले. "थंडगार हाय," म्हणाले. मग सरांच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सर, आता तुमचाबी पाय उचला. तुमचा ब्रेक लय तापला असंल!"

०

रफिकभाईंबद्दल एक गोष्ट बाहेर कोणाला माहीत नव्हती. नाशिकच्या आसपासच्या प्रत्येक घाटात उतरणाऱ्या गाड्यांना या माणसाने ब्रेक बसवले होते, आणि स्वतः कधीही घाटरस्त्याने जात नव्हता! मुलगी कल्याणला दिलेली. तिच्याकडे जायचं तर रेल्वेने, आणि तीही खिडकी सोडून आतल्या सीटवर.

मी एकदा विचारलं, "भाई, तुमचा तुमच्याच कामावर भरोसा नाही का?"

"भरोसा आहे ना!" भाई म्हणाले. "पण मला माहिती आहे ना, त्यात काय काय बिघडू शकतं!"

०

भालेराव सरांनी पुढे दर सहलीला ड्रायव्हर म्हणून गावितकाकांनाच मागून घ्यायला सुरुवात केली. वर्कशॉपचे मालकही ट्रायल नसली की त्यांना सोडायचे.

एकदा मंडळी सापुताऱ्याला गेली. परतताना घाटात सुमनताईंनी गाडीतल्या ओट्यावर कुकर लावला. (चालत्या गाडीत गॅस लावू नका, असं आम्ही हात जोडून सांगितलं होतं. पण सुमनताईंना सांगणार कोण!) घाट उतरून एका झाडाखाली जेवायला थांबले. कुकर उघडला तर डाळ खडखडीत! तांदूळ तर जसाच्या तसा.

ताई चिडल्या. "असं कसं? चांगल्या चार शिट्ट्या झाल्या, मी मोजल्यात!"

सर म्हणाले, "मीही ऐकल्या."

गावितकाका हात धूत होते. ते हळूच म्हणाले, "ताई, त्या माझ्या होत्या."

एक्झॉस्ट ब्रेक सोडताना हवेचा 'फिस्स' असा आवाज यायचा. काकांनी घाटात चार वेळा बटन सोडलं होतं, आणि ताईंनी चौथ्या शिट्टीला गॅस बंद केला होता!

नाशिकला आल्यावर ताई वर्कशॉपमध्ये तक्रार घेऊन आल्या. आम्हाला वाटलं, आवाज कमी करा म्हणतील. ताई रफिकभाईंना म्हणाल्या, "ब्रेक राहू द्या. मला कुकर वेगळ्या शिट्टीचा आणून द्या!"

०

विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याने घरगाडी करून घेतली, देवदर्शनासाठी. महिन्याभरात शेठ स्वतः तावातावाने हजर. "तुमचा तो एक्झॉस्ट ब्रेक बोगस आहे! उतारावर बटन दाबलं, काही फरक नाही. गाडी आपली पळतेच आहे."

रफिकभाईंनी गाडी तपासली. झडप ठीक, बटन ठीक, सगळं ठीक. मग त्यांनी शेठना विचारलं, "चालवत कोण होतं?"

"मीच!" शेठ खुशीत म्हणाले. "उतार लागला की मी गाडी न्यूट्रल करतो. काय मस्त जाते सांगू! आवाज नाही, काही नाही. विमान!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. उतारावर न्यूट्रल म्हणजे इंजिन आणि चाकांचा संबंधच तोडला. मग इंजिनाचं नाक दाबा नाहीतर गळा, चाकांना त्याचं काय!

रफिकभाई शांतपणे म्हणाले, "शेठ, तुम्ही फोन ठेवून देता, और फिर बोलता, पलीकडचा माणूस ऐकतच नाही!"

शेठना पटलं. पण जाताना दारातून वळून म्हणालेच, "विमानाची मजा गेली राव."

०

दोन हजार सालानंतर आमच्या मालकांना नवं वेड लागलं. कुठून तरी भंगारातल्या परदेशी बसमधून काढलेला इलेक्ट्रिक रिटार्डर त्यांनी आणला. हा गाडीखालच्या फिरत्या दांड्यावर बसतो आणि विजेच्या जोरावर त्याला धरून ठेवतो. वजनाला हत्तीचं पिल्लू! तो आम्ही एका मोठ्या घरगाडीला बसवला. काम एक नंबर. फक्त खटका ओढला की बॅटरीचा जीव जायचा, दिवे मंद व्हायचे.

पहिल्याच ट्रिपला एक मोठं कुटुंब सप्तशृंगीला गेलं. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे. गाडीत टीव्ही होता, व्हीसीडी प्लेअर होता. गड उतरताना पोरांनी सिनेमा लावला. पहिलाच सीन: दवाखाना, पाऊस, हिरोचा जन्म.

पहिलं वळण आलं, गावितकाकांनी रिटार्डर ओढला. टीव्ही बंद! वळण गेलं, टीव्ही चालू, आणि व्हीसीडी पुन्हा पहिल्यापासून. दवाखाना, पाऊस, हिरोचा जन्म. दुसरं वळण, टीव्ही बंद. पुन्हा दवाखाना, पाऊस, जन्म. त्या घाटाला वळणं काय कमी आहेत? पोरं ओरडतायत, "काका, ब्रेक नको!" काका म्हणतायत, "मग उड्या टाका!"

अर्धा घाट झाला तेव्हा आजी कंटाळून म्हणाली, "अरे, किती वेळा जन्माला घालता त्याला? एकदाचं बारसं तरी करा!"

०

आणि एक तो दिवस.

भालेराव सर आणि सुमनताई सप्तशृंगीच्या गडावर दर्शनाला निघाले होते. गाडीत ओट्याखालून खडखड आवाज येत होता, तो शोधायला मालकांनी मला बरोबर पाठवलं. दर्शन झालं. सरांना दुपारी वणीत एका जुन्या विद्यार्थ्याकडे जेवायला पोचायचं होतं, म्हणून ते घाईत. सर-ताई मागे बसले, मी पुढे, काकांच्या शेजारी.

उतार लागून थोडं अंतर झालं असेल. समोरून बस आली म्हणून काकांनी ब्रेकला पाय लावला, आणि पेडल सरळ खाली गेलं. पार पत्र्याला टेकलं. कुठेतरी ब्रेकच्या ऑइलचा पाइप फुटला होता. काकांनी पेडल दोनदा मारलं. काही नाही. बस कशीबशी बाजूने निघून गेली. मी ते पेडल बघितलं आणि ओरडायला तोंड उघडलं.

काकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मान किंचित हलवली: नाय. मी तोंड मिटलं.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, तेवढं एक बरं. काकांनी बटन दाबून धरलं. इंजिन ओरडायला लागलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला फक्त हवा. एका कमी उताराच्या तुकड्यावर, हँडब्रेक जरा ओढून (एवढं धूड नुसत्या त्यावर थांबणारं नव्हतं), काकांनी पहिला गिअर टाकला. टाकताना अर्धा क्षण गाडी मोकळी सुटली, आणि त्या अर्ध्या क्षणात मला माझी मुलगी आठवली. खट्ट. गिअर बसला. मग वळण, वळण, वळण. माणूस चालतो त्या वेगाने.

मागून सरांचा आवाज, "गावित, अहो काय हे? पायी जाणारे पुढे गेले आपल्या!"

"व्हय सर."

"बैलगाडी बरी!"

"व्हय सर."

खाली नांदुरीच्या अलीकडे रस्ता सपाट झाला, बाजूला शेताचा चढ होता. काकांनी गाडी हलकेच त्या चढावर घातली. ती आपोआप थांबली. मी उडी मारून चाकांखाली दगड लावले.

काका खाली उतरून दाराला टेकून उभे राहिले. सर घड्याळ बघत उतरले आणि बोलायलाच लागले. "अर्धा तास जास्त घेतलात तुम्ही! माणसं ताटं मांडून बसली असतील. इतका भित्रेपणा काय कामाचा? इतकी वर्षं घाटात गाडी चालवता ना?"

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"चुकलं सर," ते म्हणाले. "पुढल्या टायमाला लवकर आणीन."

सर तरातरा फोनचं दुकान शोधायला गेले. सुमनताई मागच्या दारातून उतरल्या, चाकांखालचे दगड बघून पुढे आल्या. त्यांच्या हातात थर्मास होता. एकच ग्लास त्यांनी भरला आणि सरळ काकांपुढे धरला.

"गावितभाऊ," ताई म्हणाल्या, "दोन्ही हातांनी धरा."