सामंतमास्तरांची झोप

सामंतमास्तर आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा चहा ओतून घेण्याआधी त्यांनी बशी उलटी करून तिचा तळ बघितला. माझी बायको चिडली. मास्तर म्हणाले, "रागावू नका वहिनी, लग्नाआधी सासऱ्यांकडेही मी हेच केलं होतं."

परळच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी गणित. माणूस मालवणचा, हातात कला आणि डोक्यात सदा संशय. एखाद्या मुलाने सुरेख चित्र आणलं की "थोरल्या भावाचा हात दिसतोय, मेल्या!" म्हणत त्याला समोर बसवून पुन्हा काढायला लावत. दूधवाला, हेडमास्तर, कोणी सुटत नसे. माझ्यावरचा संशयही ते माझ्या तोंडावर सांगत, म्हणून मला ते फार आवडत.

त्यांना एकच ध्यास होता. चिनी मातीची एक उंच फुलदाणी हाताने घडवायची आणि लाकडाच्या भट्टीत भाजायची. "रंग मी लावणार नाही. जाळाबरोबर राख उडते, ती अंगावर वितळते. तोच रंग."

भट्टी जयंतीभाईची. हा काठेवाडी माणूस कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे लोणच्याच्या बरण्या भाजायचा. भट्टी दोन-दोन दिवस पेटती ठेवावी लागे; एकाने लाकडं घालायची, दुसऱ्याने झोपायचं. मास्तर झोपतच नसत. आपला डोळा लागला की हा लाकडं वाचवणार, अशी त्यांची खात्री. मग जागून जागून त्यांना स्वतःच्याच पाळीत डुलकी लागे, जाळ उतरे आणि फुलदाणीला तडा जाई. जयंतीभाई म्हणे, "मास्तर, तुम्ही झोपा ने. मी हाय." मास्तर पुटपुटत, "तू आहेस म्हणूनच!"

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. लालबागला दगड आणि अश्रुधूर. आमच्या चाळीतली पोरं पोलिसांनी उचलली आणि नावं कोणी दिली यावरून जो तो दुसऱ्याकडे तिरका बघू लागला. गुजराती माणसाकडे तर सगळेच.

त्यातच मास्तरांनी पुन्हा भट्टी लावली. हात थरथरू लागले होते. एवढी उंच फुलदाणी पुन्हा जमणार नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर मागोमाग चाळीचे सेक्रेटरी घाग दोघांना घेऊन आले.

"मास्तर, घरी चला. पोरांची नावं ह्यानेच दिली."

जयंतीभाईचा लाकूड धरलेला हात तसाच राहिला. मास्तरांचे डोळे जागरणाने लाल झाले होते. त्यांनी जयंतीभाईकडे निरखून बघितलं.

"घाग, तू बघितलंस?"

"लोक बोलतात."

"लोकांवर माझा कधीच विश्वास नव्हता," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, जमिनीवर गोणपाट पसरलं आणि आडवे झाले. "जयंती, लाकडं घाल. मला संध्याकाळी उठव."

भट्टीकडे पाठ करून ते घोरायलाही लागले. झोपलेल्या माणसाशी घाग काय वाद घालणार? तिघेही निघून गेले.

जयंतीभाईने त्यांना संध्याकाळी उठवलंच नाही. भाजणी पुरी होईपर्यंत एकट्यानेच लाकडं घातली. फुलदाणी अख्खी निघाली. एका अंगावर हिरवट राख वितळलेली.

मास्तर त्यानंतर थोडीच वर्षं जगले. लहानसहान भांडी भाजत राहिले आणि संशयही शेवटपर्यंत घेत राहिले, माझाही. मात्र भट्टी पेटली की पहिली झोप त्यांची असे.