केळकर सरांचा अडतीस

केळकर सर दुसऱ्याचा कोड कधी बसून वाचत नसत. मागे उभे राहून चहाचा घोट घेत विचारत, "हे शिकलेल्या माणसानं लिहिलंय?" आणि उत्तर न ऐकताच पुढच्या टेबलाकडे जात. पुण्याहून म्हैसूरजवळच्या हिनकलच्या ऑफिसात आलो, त्या दिवशी माझं स्वागतही असंच झालं.

आम्ही सलाइनचे पंप बनवत होतो. नळीत हवेचा बुडबुडा आला की सेन्सर पंपाच्या मूळ सॉफ्टवेअरला, कर्नलला, हाक मारायचा, म्हणजे इंटरप्ट द्यायचा, आणि पंप थांबायचा. या हाकांचे नंबर कर्नल ठरवतो; सेन्सर हाताळणाऱ्या प्रोग्रॅमनं, ड्रायव्हरनं, दर वेळी ते विचारून घ्यायचे असतात. सरांना विचारणं कमीपणाचं वाटे. पंपाच्या सर्किट बोर्डावर तेव्हा अडतीस दिसला, त्यांनी ड्रायव्हरमध्ये अडतीस लिहून टाकला.

"वीस वर्षं हेच करतोय. मला कर्नल शिकवू नका," हे त्यांचं पालुपद.

आमच्या टीममधली रुक्मिणी सरस्वतीपुरमची, म्हैसूरच्या जुन्या मराठी शिंपी घरातली. ती एकदा तिच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाली, "सर, कर्नल बदललं की नंबरपण बदलतंय, अल्वा? विचारून घेऊया की."

"तू आधी मराठी नीट बोल."

सगळे हसले. मीही.

मग तिनं तेच सरांना मेलवर कळवलं. मेल मलाही आली होती.

नवा कर्नल आला आणि अडतीस नंबर बोर्डावरच्या एका रिकाम्या पिनेला गेला. ड्रायव्हर मुकाट तिथंच कान लावून बसला. "चालणाऱ्या गोष्टीची पुन्हा चाचणी कशाला?" म्हणत सर पंप घेऊन बोगादीच्या एका दवाखान्यात गेले. मी सोबत होतो. तिथल्या नर्सबाईंनी नळीचं टोक बादलीत सोडलं आणि मुद्दाम नळीत हवा भरली. बुडबुडा सरकत बादलीत पडला, तरी पंप चालूच. त्या कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, "इथं माझा पेशंट असता तर?"

"चाचणी रुक्मिणीकडे होती," सरांनी दुसऱ्या दिवशी बैठकीत सांगून टाकलं. "मी आधीच मेल केलं होतं," ती म्हणाली. कंपनीच्या मालकांनी मला विचारलं, "अशी मेल आली होती?"

सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आठवत नाही."

रुक्मिणीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती जागेवर गेली, अडतीस खोडला, नंबर कर्नलला विचारून घेणारी ओळ लिहिली, बुडबुड्याची चाचणी केली आणि राजीनामा दिला.

वर्षभरात सर बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर गेले. निरोपाच्या दिवशी माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना म्हणाले, "हा माझ्या तालमीत तयार झालाय."

मला त्या हाताची किळस आली. खोलीत मात्र कोणालाच त्यांचं बोलणं खोटं वाटलं नाही.