फलकाखाली एकटीचे नाव

मी रोवलेला फलक मीच वाहून न्यावा, असे ग्रामसेवकांनी ठरवले. ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी उभी होती. तरीही पंचायतीच्या शिपायाने फलक उपटला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. चार फुटांचा पत्रा, त्याला दोन बांबू, बांबूंना ओली माती. बाजाराचा दिवस. रस्त्याच्या मोडापासून, म्हणजे वळणापासून, पंचायत कार्यालयापर्यंत दहा मिनिटांची वाट. ग्रामसेवक मोटारसायकलवर मागून, माझ्या चालीने.

"आता सगळ्याइले वाचता येते," शिपाई म्हणाला. भाजी विकणारे काही जण हसले. त्यांतले दोघे माझ्या नात्यातले.

आमचे गाव मुर्री गावाच्या पुढे. गावचा तलाव आमच्याच लोकांनी पिढ्यांमागे बांधला. माझ्या धानशेतीच्या बांध्यांना त्याचेच पाणी. तलावात पाणी आणणारा नाला मुरूम टाकून बुजवला गेला आणि त्यावर प्लॉट पडले. दोन पावसाळे तलाव अर्धाही भरला नाही. प्लॉट कोणाचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एका पुढाऱ्याचे.

फलकावर मी लिहिले होते: "तलावाचा नाला कोणी बुजवला? ग्रामपंचायतीने उत्तर द्यावे." खाली माझे नाव.

आमच्याकडे तक्रारीच्या फलकाखाली कोणी नाव लिहीत नाही. 'समस्त गावकरी' लिहितात. मग कोणा एकाला धरता येत नाही. मीही तेच लिहिणार होते. पण लिहिण्याआधी घरोघरी विचारत फिरले. तीच माझी चूक. विचारायचे नसते. विचारल्यावर प्रत्येकाने आपल्याला वगळायला सांगितले. चुलत सासरे म्हणाले, "तुले लिहायचं तं लिही वो, आमाले त्यात नोको धरू." शेवटच्या घरातून बाहेर पडले तेव्हा समस्त गावकऱ्यांत मी एकटी उरले होते.

कार्यालयात मला उभे ठेवले. ग्रामसेवकांनी नियम वाचून दाखवला. रस्त्याच्या जागेत परवानगीशिवाय फलक रोवता येत नाही. नियम खरा आहे. मी तो नाकारला नाही. एवढेच विचारले, "माझ्या फलकाच्या बाजूले मोठा फ्लेक्स हाय. त्याची परवानगी दाखवा."

"तो वाढदिवसाचा हाय, बाई. तुझा राजकारणाचा."

"वाढदिवस पुढाऱ्याचाच हाय ना?"

"जादा मत बोलो," शिपाई मधेच म्हणाला. "सही कर अन् घरी जा. वकिलीण होऊन राहिली."

कागदावर लिहिले होते: गैरसमजातून फलक लावला, माफी असावी. मी सही केली. नंतर बरेच दिवस मी सही केलीच नाही असे सांगत होते. ते खोटे होते.

परतताना फ्लेक्ससमोर थांबले. आजवर तो नीट पाहिला नव्हता. वर पुढारी हात जोडून. खाली शुभेच्छुकांचे छोटे गोल फोटो. चुलत सासरे. शिपाई. सगळ्यांत खालच्या रांगेत मी. बचत गटाची अध्यक्ष म्हणून. एका लग्नातला फोटो, गटाच्या व्हॉट्सॲपवरून उचललेला, शेजारच्या बाया कापून टाकलेल्या. मला कोणी विचारले नव्हते.

पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला मी फोटो काढायला सांगितले.

"काकू, एवढासा फोटो. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली."

"फुकटात नाव होऊन राहिलं तुमचं," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावर माणसे असताना, स्टुलावर चढून मी ब्लेडने फ्लेक्सवरचा माझा चेहरा कापून घेतला. दुसऱ्या कोणाच्या फोटोला धक्का लावला नाही. कोणी अडवले नाही. कोणी स्टूलही धरले नाही.

त्यानंतर माझ्याकडे होणारी गटाची बैठक दुसऱ्या घरी होऊ लागली. मला निरोप आला नाही. लग्नाच्या पत्रिका येतात, पण दारात टाकून जातात. नवरा कामासाठी रायपूरला असतो. फोनवर म्हणतो, "सोड ना आता." घरात बोलायला दुसरे कोणी नाही. तलावावर धुणे न्यावे तर माझ्या बाजूचा दगड रिकामा राहतो.

मी फलकासाठी परवानगीचा अर्ज दिला. पोच घेतली. उत्तर नाही. मग दुसरा अर्ज दिला: माफीनाम्यावरची सही मी मागे घेत आहे. माझा कोणताही गैरसमज झाला नव्हता.

ग्रामसेवकांनी तो दोनदा वाचला. "काऊन घडी घडी येऊन राहिली वो? गाव तं काही म्हणत नाही."

"गाव नाही म्हणत. मी म्हणून राहिली."

मग तिसरा अर्ज. रस्त्यात रोवायला परवानगी लागते. फलक हातात धरून उभे राहायलाही लागते का, ते लेखी कळवावे. त्याचेही उत्तर आलेले नाही.

नवीन पत्रा आणला आहे. अक्षरे आधीपेक्षा मोठी काढली आहेत. सोमवारी सकाळी मोडावर उभी राहीन. त्याच्या पुढच्या सोमवारीही. ठाण्यात नेले तर जाईन, आणि सुटले की परत तिथेच येईन. शेजारी कोणी येईल, हे मी धरलेले नाही. नाला मोकळा होईपर्यंत प्रश्न रस्त्यावर राहील.